परमेश्वरापुढे पसरलेले पत्र

पवित्र शास्त्रात एका धमकीला जेवढी जागा मिळाली आहे, तेवढी अनेक चमत्कारांनाही मिळालेली नाही. इसवी सनापूर्वी ७०१ साली अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यरुशलेमेला घातलेल्या धाकाची हकिगत २ राजे १८ व १९ या अध्यायांत येते. यशयाच्या ३६ व ३७ या अध्यायांत ती जवळजवळ शब्दशः पुन्हा येते, आणि २ इतिहास ३२ मध्ये तिसऱ्यांदा. यशयातला ३६वा अध्याय तर बहुतेक सगळा शत्रूच्या अधिकाऱ्याच्या तोंडी आहे. शास्त्रलेखकांना ती धमकी दोन ओळींत उरकता आली असती. त्यांनी ती पुरी लिहून ठेवली, तिच्यातला शिवराळपणाही गाळला नाही. भीतीच्या काळात देवावर भरवसा ठेवणे म्हणजे काय, हे शिकायचे तर आधी ती धमकी पुरती ऐकावी लागते, असे मला वाटते. पुढच्या पानांतला अभ्यास त्याच क्रमाने जातो.

धमकी पोकळ नव्हती. उत्तरेकडचे शोमरोन इ. स. पू. ७२२च्या सुमारास पडले होते आणि तिथली माणसे उचलून दूरदेशी नेऊन वसवली गेली होती. यहूदाच्या लोकांना हे कोणी सांगायची गरज नव्हती. पुढे ७०५ साली सन्हेरीबाचा बाप सर्गोन लढाईत मारला गेला, त्याचे प्रेतसुद्धा हाती लागले नाही, आणि साम्राज्यभर बंडे उठली. बाबेलात मरोदख-बलदान उठला, समुद्रकाठची काही शहरे उठली, यहूदाचा राजा हिज्कीया यानेही अश्शूरचे जू झुगारले. चार वर्षांनी सन्हेरीब पश्चिमेकडे वळला. त्याने आपल्या विजयांची नोंद मातीच्या सहा बाजूंच्या स्तंभिकांवर करून ठेवली. त्यात यहूदाची तटबंदीची ४६ शहरे घेतली, २,००,१५० माणसे बाहेर काढली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे त्याच्याच नगरात कोंडले, असा त्याचा दावा आहे. राजे आपले आकडे फुगवून सांगतात हे धरूनही, ४६ शहरे हा आकडा थरकाप उडवणारा आहे.

त्या शहरांपैकी लाखीशचे काय झाले ते आपल्याला दगडात पाहता येते. निनवेतल्या आपल्या राजवाड्यात सन्हेरीबाने एक पुरे दालन लाखीशच्या वेढ्याच्या शिल्पपटांनी मढवले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्टेन हेन्री लेयार्डने ते उकरून काढले आणि आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तटाला लावलेला मातीचा उतार, त्यावरून चढणारी धडक देणारी यंत्रे, वरून फेकलेल्या जळत्या मशाली, सुळावर चढवलेली माणसे. आणि मग नगरातून निघालेली कुटुंबे: बैलगाडीवर बोचकी, बोचक्यांवर बायका आणि पोरे, पुढे चालणारा बाप. बैलांच्या फासळ्यासुद्धा कारागिराने कोरल्या आहेत. सिंहासनावर बसलेल्या राजासमोरून ही रांग जाते. मुंबईकर वाचकांना एक सांगावेसे वाटते. लेयार्डने पाठवलेल्या सुरुवातीच्या काही पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गेच विलायतेला गेल्या. अश्शूरच्या राजवाड्यांतले काही शिल्पपट छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही आहेत. ते लाखीशचे नव्हेत, पण त्या दंडांचे पिळदार स्नायू आणि वळणावळणांच्या दाढ्या पाहिल्या की यरुशलेमेच्या तटावरून खाली पाहणाऱ्यांना काय दिसत होते याची कल्पना येते.

हे दालन मी मुद्दाम आधी आणले. व्यासपीठांवरून ही कथा सांगताना आपण सन्हेरीबाच्या धमकीच्या पत्रावरून थेट त्याचे सैन्य मारणाऱ्या देवदूतावर उडी मारतो, आणि लाखीश मध्ये कुठेतरी गळून पडते. लाखीशचे लोकही याच परमेश्वराचे होते. तिथेही कोणीतरी प्रार्थना केली असेलच. ज्या मीखा संदेष्ट्याचे गाव त्याच मुलखातले, त्याने आपल्या पहिल्या अध्यायात त्या परिसरातल्या एकेका गावाचे नाव घेऊन आक्रोश केला आहे, आणि त्यात लाखीशही आहे. यरुशलेमेच्या सुटकेबद्दल बोलणाऱ्याने हा आक्रोश विसरू नये.

आता हिज्कीयाकडे येऊ. हा राजा हातावर हात ठेवून बसलेला नव्हता. त्याने गीहोन झऱ्याचे पाणी खडकातून नगराच्या आत वळवले. तो बोगदा ५३३ मीटर लांब आहे आणि आजही त्यातून पाणी वाहते. दोन टोकांकडून दोन टोळ्या खोदत आल्या आणि खडकाच्या पोटात एकमेकांच्या हाका ऐकत भेटल्या, अशी नोंद त्याच बोगद्याच्या भिंतीवर कोरलेली १८८० साली सापडली. तो शिलालेख आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. त्याच काळातल्या नव्या तटाचा सुमारे सात मीटर जाडीचा तुकडा १९७०च्या सुमारास नाहमान अविगाद यांना सापडला, आणि त्या तटाखाली पाडलेल्या घराचे अवशेष निघाले. यशयाच्या २२व्या अध्यायात हेच दोष लावलेले आहेत: तुम्ही शस्त्रागाराकडे पाहिलेत, यरुशलेमेची घरे मोजलीत, तटासाठी ती पाडलीत, दोन तटांमध्ये हौद बांधलात, पण ज्याने हे सारे घडवून आणले त्याच्याकडे मात्र पाहिले नाहीत. संदेष्टा पाणी साठवू नका म्हणत नाही. वेढ्यात तहानलेली पोरे त्यालाही दिसत होती. त्याचे दुःख हे की सगळी नजर दगडाविटांत अडकली आणि वर कोणी पाहिले नाही.

एवढे करूनही हिज्कीया कचरला, आणि हेही शास्त्र लपवत नाही. सन्हेरीब लाखीशला असताना त्याने निरोप पाठवला की चूक झाली, मागाल ते देतो, परत जा. मागणी आली ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोने. राजवाड्यातले भांडार रिकामे झाले. मंदिरातली चांदी गेली. ज्या दारांना हिज्कीयाने स्वतः सोने मढवले होते, त्या दारांचे सोने त्यानेच उतरवून दिले. खंडणी पोचली आणि तरीही सैन्य आले. धमकावणाऱ्याचे पोट पैशाने भरत नाही, हे ज्याने कधी हप्ता भरला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

मग रब्शाके नावाने ओळखला जाणारा सन्हेरीबाचा अधिकारी वरच्या तळ्याच्या नळाजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर येऊन उभा राहिला. या जागेपाशी वाचकाने थांबावे. तीसेक वर्षांपूर्वी याच जागी यशया आपल्या मुलाला घेऊन हिज्कीयाच्या बापाला, आहाज राजाला भेटला होता. तेव्हा अराम आणि इस्राएल हे दोन शेजारी चालून येत होते. शांत राहा, भिऊ नकोस, हवे तर परमेश्वराजवळ चिन्ह माग, असे यशयाने सांगितले होते. आहाजाने सोवळेपणाचा आव आणून चिन्ह नाकारले आणि मंदिरातले सोने-रुपे अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसराकडे धाडून त्याची मदत विकत घेतली. बापाने ज्याला घरात बोलावले, तोच आता मुलाच्या दारात उभा होता.

रब्शाकेच्या भाषणाकडे नीट पाहिले तर अंगावर काटा येतो, कारण त्याचे निम्मे बोलणे खरे आहे. मिसर म्हणजे मोडका बोरू, टेकलात तर हातात घुसेल, असे तो म्हणतो. मिसरावर विसंबू नका असे यशयाही ३०व्या आणि ३१व्या अध्यायांत जीव तोडून सांगत आला होता. दोन हजार घोडे देतो, स्वार तरी आहेत का तुमच्याकडे, असे तो हिणवतो. नव्हतेच. हिज्कीयाने ठिकठिकाणची उच्चस्थाने पाडली, म्हणजे तुमच्याच देवाला दुखावले, असा तो चिमटा काढतो, आणि ज्यांच्या गावची पूजास्थाने गेली होती त्यांच्यापैकी काहींच्या मनात ते सलत असणारच. परमेश्वरानेच मला पाठवले आहे, असेही तो म्हणतो, आणि अश्शूर हा परमेश्वराच्या क्रोधाचा सोटा आहे असे यशयाच्याच १०व्या अध्यायात लिहिले आहे. राजाचे तीन अधिकारी, एल्याकीम, शेबना आणि यवाह, अजिजीने म्हणतात की आमच्याशी अरामीत बोला, आम्हाला ती कळते. तटावरच्या लोकांना ऐकू जाईल असे यहूदी भाषेत नको. रब्शाके मुद्दाम आवाज चढवून यहूदी भाषेतच बोलतो. वेढ्यात तुम्हाला काय खावे-प्यावे लागेल ते तो इतक्या ओंगळ शब्दांत सांगतो की उपासनेत ते वचन वाचताना वाचणारा चाचरतो. लगोलग तो गोड होतो: शरण या, प्रत्येकजण आपापल्या द्राक्षवेलीचे फळ खा, आपापल्या विहिरीचे पाणी प्या. आणि शेवटी मुख्य घाव: हमाथ, अर्पद, सफरवाईम, शोमरोन, कुठल्या देवाने आपला देश माझ्या हातून सोडवला, की तुमचा परमेश्वर सोडवील?

तपशील खरा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा, अशी ही बांधणी आहे. चांगली धमकी नेहमी अशीच असते. नुसत्या खोट्याला माणूस इतका घाबरत नाही.

तटावरच्या लोकांनी उत्तर दिले नाही. राजाची तशी आज्ञा होती. या मौनाची मला फार किंमत वाटते. भांडणात शेवटचा शब्द आपला असावा ही ओढ भीतीतूनच येते. त्या माणसांनी ती आवरली, अधिकाऱ्यांनी कपडे फाडले आणि ऐकलेले सारे जसेच्या तसे राजाला येऊन सांगितले. हिज्कीयाने गोणपाट गुंडाळले, तो मंदिरात गेला आणि यशयाकडे निरोप धाडला. त्यात शौर्याची भाषा नाही: लेकरे जन्मायला आली आहेत आणि प्रसवायला बळ नाही. बाळंतघरातले याहून असहाय चित्र दुसरे नसेल. यशयाचे उत्तर आले की ऐकलेल्या शब्दांना भिऊ नकोस.

तरी धमकी संपली नाही. कूशाचा राजा तिऱ्हाका चालून येत असल्याची बातमी सन्हेरीबाला लागली, तेव्हा त्याने दुसऱ्यांदा जासूद पाठवले, यावेळी पत्र देऊन. मजकूर तोच, फक्त वार थोडा खोल: हिज्कीया तुम्हाला फसवतो, असे रब्शाके लोकांना म्हणाला होता, पत्रात राजाला बजावले आहे की तुझा देवच तुला फसवील. हिज्कीयाने ते जासुदांच्या हातून घेतले. वाचले. मग तो परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि ते परमेश्वरापुढे पसरले.

या पसरण्याभोवती सगळा अभ्यास गुंफला आहे. राजाने पत्र फाडले नाही, चिटणिसाच्या हाती देऊन मोकळा झाला नाही. पत्र गुंडाळीचे असावे. ते उलगडून, कडा दाबून धरून त्याने खाली पसरले असेल. आधीच भरलेल्या खंडणीने उघडी पडलेली दारे ओलांडून तो आत आला होता. देवाला पत्रातला मजकूर ठाऊक नव्हता, असे त्याला वाटत नव्हते. पण आपल्याला जे वाचावे लागले ते त्याच्या समोर, त्याच शब्दांत असावे, एवढे त्याला हवे होते.

मग त्याने जी प्रार्थना केली तिच्यात एक जागा अशी आहे की तिथे बहुतेक भाविकांची जीभ अडखळेल. करूबांवर आरूढ असलेला, आकाश व पृथ्वी निर्माण करणारा, पृथ्वीवरील सर्व राज्यांचा एकमेव देव असे परमेश्वराला आळवून तो पत्रातले म्हणणे मान्य करतो. हे खरे आहे प्रभो, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे उजाड केली आहेत, त्यांचे देव अग्नीत टाकले आहेत. आकडे मान्य, राखरांगोळी मान्य, लाखीश मान्य. फक्त निष्कर्ष अमान्य: ते देव माणसाच्या हातचे लाकूड आणि दगड होते, म्हणून जळले. शेवटी मागणे येते, आम्हाला सोडव, म्हणजे सर्व राज्यांना कळेल की तूच देव आहेस. पत्रात निंदा परमेश्वराची होती, म्हणून तो ती परमेश्वराच्याच पुढे ठेवतो.

आपल्या मंडळ्यांतल्या प्रार्थनासभा आठवून पाहा. पाळक विनंत्या विचारतात. कोणीतरी उठून म्हणते, थोडी अडचण आहे, आठवण ठेवा. अडचण थोडी नसते. सावकाराने घर रिकामे करायला सांगितलेले असते, गावकीने पाणी तोडायची भाषा केलेली असते, मुलीला फोनवर कोणीतरी रोज छळत असते, तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनी एक शब्द लिहिलेला असतो. चारचौघांत तपशील सांगू नये हे समजण्यासारखे आहे, आणि सगळ्या मंडळीला तो कळण्याची गरजही नाही. पण घरी, एकट्याने गुडघे टेकल्यावरही आपण तेच गुळमुळीत शब्द वापरतो. भिंतीवरच्या कॅलेंडरातले वचन म्हणतो आणि कागद कपाटात उलटा ठेवतो. भरवसा कमी पडेल या भीतीने आपण धमकीचे नाव घेत नाही. हिज्कीयाचा भरवसा मात्र धमकी पुरती वाचल्यानंतरचा आहे. आणि जिथे पोलिसांत जायचे तिथे जावे, जिथे वकील लागतो तिथे वकील करावा. बोगदा खोदणाऱ्या राजाची ही कथा आहे, कोणी तिचा आधार घेऊन छळ सोसणाऱ्या बाईला गप्प बसवू नये. तटावरचे मौन शत्रूपुढचे होते. राजाला त्यांनी सगळे सांगितले.

यशयामार्फत उत्तर आले त्यात अश्शूरच्या नाकात वेसण घालून त्याला आल्या वाटेने परत नेण्याची घोषणा आहे. पण त्याच उत्तरातली एक बारीक गोष्ट सहसा कोणी वाचून दाखवत नाही. चिन्ह म्हणून हिज्कीयाला सांगितले गेले की यंदा आपोआप उगवलेले खा, दुसऱ्या वर्षी त्यावर पुन्हा फुटलेले खा, तिसऱ्या वर्षी पेरा, कापा, द्राक्षमळे लावा. सैन्याने शेते तुडवली होती, पेरणी हुकली होती. सुटका होणार होती ती अशा मुलखात, जिथे दोन वर्षे पडीचे दाणे वेचावे लागणार होते. दुष्काळ पाहिलेल्या वाचकाला हे वचन माझ्यापेक्षा चांगले कळेल. देव संकट हटवतो म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत होते, असे इथे कुणीच म्हटलेले नाही.

त्या रात्री परमेश्वराच्या दूताने अश्शूरच्या छावणीत १,८५,००० मारले आणि सन्हेरीब निनवेला परतला, असे शास्त्र सांगते. सन्हेरीबाच्या स्वतःच्या नोंदीत मोठ्या खंडणीची बढाई आहे, यरुशलेम घेतल्याचा दावा मात्र नाही. राजवाड्याच्या भिंतींवर त्याने लाखीश कोरले. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने मिसरात ऐकलेली एक कथा लिहिली आहे, तिच्यात सन्हेरीबाच्या सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या. या सगळ्यांची मोट बांधून चमत्कार सिद्ध करण्याच्या खटपटीत मी पडलो नाही. नगर उभे राहिले, एवढे सर्व बाजूंनी कळते. सन्हेरीबाला त्याच्याच मुलांनी मारले ते ६८१ साली, म्हणजे वीस वर्षांनी. शास्त्रात दोन वचनांमध्ये मावणारे अंतर हिज्कीयाच्या पिढीला वर्षानुवर्षे मोजावे लागले.

पुढे या सुटकेचेच ओझे झाले. शंभरेक वर्षांनी यरुशलेमेचे लोक म्हणू लागले की इथे परमेश्वराचे मंदिर आहे, या नगराला काही होणार नाही. यिर्मया मंदिराच्या दारात उभा राहून ओरडला की या शब्दांवर विसंबू नका. परक्याला, पोरक्याला आणि विधवेला छळणाऱ्यांना हे मंदिर वाचवणार नाही. त्याला ठार मारायला निघालेल्यांना काही वडीलधाऱ्यांनी आठवण करून दिली ती हिज्कीयाच्या काळात मीखाने केलेल्या भाकिताची. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले. आजोबांचा भरवसा नातवंडांनी विमा म्हणून वापरला होता.

अरण्यात सैतानाने येशूपुढे हाच विमा ठेवला. त्याने ९१वे स्तोत्र तोंडपाठ म्हटले: देवदूत तुला झेलतील, मंदिराच्या कळसावरून उडी टाक. आपल्या घराघरांत संकटकाळी म्हटले जाते तेच हे स्तोत्र. येशूने स्तोत्र नाकारले नाही, उडी नाकारली. पुढे गेथशेमाने बागेत त्याने प्याला टळावा अशी याचना केली, घाम गाळला, आणि प्याला टळला नाही. ख्रिस्ती माणसाला हिज्कीयाची कथा वधस्तंभाच्या अलीकडे थांबून वाचता येत नाही.

म्हणून या अभ्यासाचा शेवटचा भाग प्रेषितांच्या कृत्यांचा ४था अध्याय आहे. पेत्र आणि योहान यांना न्यायसभेने दटावून सोडले: या नावाने पुन्हा बोलाल तर याद राखा. ते आपल्या लोकांकडे आले आणि सगळे सांगितले. सर्वांनी मिळून जी प्रार्थना केली तिच्यात हिज्कीयाचा सूर स्पष्ट ऐकू येतो: आकाश, पृथ्वी आणि समुद्र निर्माण करणाऱ्या प्रभो, त्यांच्या धमक्यांकडे पाहा. इथपर्यंत दोन्ही प्रार्थना एका वाटेने चालतात. मागणे मात्र वेगळे आहे. आम्हाला सोडव, असे ते म्हणत नाहीत. तुझे वचन धिटाईने बोलायला बळ दे, म्हणतात. आठ अध्यायांनंतर हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले आणि पेत्राला तुरुंगात टाकले; पेत्रासाठी मंडळीने एकाग्रतेने प्रार्थना केली आणि तो सुटून दारात येऊन उभा राहिला. एकच मंडळी, एकच हेरोद. एक भाऊ गेला, एक आला. लूकने दोन्ही नोंदी एकाच अध्यायात ठेवल्या आणि का, याचे स्पष्टीकरण दिले नाही. मीही ते देण्याचा प्रयत्न केलेला नाही. याकोबाच्या घरातून निघालेल्या प्रश्नासाठी तिथे एक पूर्ण बैठक राखून ठेवली आहे, आणि अभ्यास चालवणाऱ्यांनी ती घाईत उरकू नये ही विनंती.